माणिकबाईची पन्नास मिनिटं

१

घरी सोडायच्या दिवशी सकाळी डॉ. धर्मेंद्र मोहोड खाटेपाशी आले. पोटावरची पट्टी पाहिली, कागदावर सही केली आणि "काही विचारायचंय का?" असं नेहमीसारखं म्हणून वळलेसुद्धा. तेव्हा खाटेवरच्या माणिकबाई उंबरकर म्हणाल्या, "साहेब, तुमच्या पोरीले होस्टेल भेटलं काय जी नागपूरले?"

डॉक्टर जागच्या जागी थांबले. मुलीच्या होस्टेलची गोष्ट त्यांनी या इमारतीत एकदाच काढली होती. आठ दिवसांपूर्वी, दुपारी, ऑपरेशनच्या टेबलाशी, सिस्टर ज्योत्स्नाशी बोलताना. त्या वेळी माणिकबाईंचं पोट त्यांच्या हाताखाली उघडं होतं.

"तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"तुमीच तं सांगत होते. खोली चांगली हाये म्हणे, पण जेवण धड नाही."

त्याच दिवशी दुपारी अकोल्याहून अमरावतीला फोन गेला. डॉ. रागिणी गावंडे यांनी तो तिसऱ्या घंटेला उचलला. त्यांच्याकडे फोन क्वचित येत, आणि आले तर बहुतेक चुकून. वैद्यकीय महाविद्यालयात तीस वर्षं भूलशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या, त्याला तीन वर्षं झाली होती. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. खाली कोचिंग क्लास होता. दिवसभर शिकवण्याचा आवाज जिन्यातून वर यायचा, रविवारी तोही नसायचा. हजारो माणसं त्यांनी झोपवून पुन्हा जागी केली होती, आणि त्यांतल्या एकालाही त्यांचा चेहरा आठवत नव्हता.

"मॅडम, बाई ऑपरेशनमध्ये जागी होती," डॉ. मोहोड म्हणाले. "सगळं नाही, पण बरंच तिने ऐकलंय. आता पुढचं ऐका. तिच्या आतड्यात गाठ आहे. त्या दिवशी आतडं बंद पडलं होतं, म्हणून घाईने शौचासाठी पोटावर वाट काढून दिली. गाठ आतच आहे. तीन आठवड्यांत काढली तर बाई वाचते. पण ती टेबलावर चढायला तयार नाही. म्हणते, मी काहून जागी झाली ते सांगा, मग झोपवा. नाही तर मेली तरी चालते."

"मग सांगा की तिला."

"सांगितलं. आमच्या तंत्रज्ञाने, श्यामने, मशीनच्या टाकीत भुलीचं औषध भरलं नसणार. त्याला घरी बसवलंय. तर ती म्हणते, 'नसणार' म्हणजे काय? तुमाले ठाऊक हाये का नाही?"

रागिणीबाईंना न पाहिलेली ती बाई आवडली.

"भूल कोणी दिली होती?"

"शेखरने. शेखर धर्माळे. तुमचाच विद्यार्थी. तुम्ही एकदा येऊन बाईला भेटाल का?"

२

तेल्हाऱ्याच्या अलीकडे, कपाशीच्या वावरांमध्ये, उंबरकरांचं दीड एकर ओलित होतं. शेवंती, वांगी, कडेने मेथी. माणिकबाई गोठ्याच्या सावलीत बाजेवर बसून फुलं निवडत होत्या. त्यांचा नवरा वामनराव पाण्याचा पाइप गुंडाळता गुंडाळता थांबला.

"आल्या काय डाक्टरीण बाई. हिले समजवा जरा. भास झाला म्हणा. आठ दिवस झाले, झोपत नाही, मलेही झोपू देत नाही."

"तुमी चूप बसा," माणिकबाई म्हणाल्या. "टेबलावर तुमी नोते."

"मी समजवायला नाही आले," रागिणीबाई म्हणाल्या. "ऐकायला आले. पहिल्यापासून सांगा, आणि जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणा."

माणिकबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि फुलांचं सूप बाजूला सरकवलं.

"हातात सुई होती. तिच्यातून दुधासारखं पांढरं औषध सोडलं. हात जयला, मिरची लागल्यावानी. मंग काही ठाऊक नाही."

"म्हणजे झोप लागली."

"लागली. मंग पोटावर काहीतरी गारगार फिरलं तं जाग आली. म्हटलं, झालं वाटते ऑपरेशन. डोये उघडू गेली, उघडेना. बोट हालवू गेली, हालेना. अन् मंग कापलं."

वामनरावाने पाइप खाली ठेवला.

"फार दुखलं?"

"दुखलं तं दुखलं, बाई. बाळंतपणात काय कमी दुखते? पण तिथं ओरडता येते. इथं मी आतमंदी ओरडून राहिली, अन् बाहेर होस्टेलच्या गोष्टी चालू. चार माणसं माह्याभोवती, अन् एकालेही ठाऊक नाही का मी तिथं हाओ."

रागिणीबाईंनी वहीत लिहिणं थांबवलं.

"आणखी काय ऐकू आलं?"

"गाणे चालू होते. एक फोन वाजला, माह्या उशाशीच, लय वेळ. कोणी उचलला नाही. अन् घोरणं."

"पाहा," वामनराव म्हणाला. "घोरणं म्हणे. ऑपरेशनच्या खोलीत कोण घोरन? तुयंच घोरणं आयकलं असशीन. चाळीस वर्सं मी आयकून राहिलो, कधी बोललो काय?"

"रोज बोलता."

"कुठल्या बाजूने येत होतं?" रागिणीबाईंनी विचारलं.

"उजव्या कानाच्या वर. एवढ्यावर." माणिकबाईंनी हाताने वीतभर अंतर दाखवलं.

"आणि शेवट?"

"शेवटी पोट थोडंसं माह्या हातात आल्यावानी वाटलं. जीव लावून आवळलं. म्हटलं, आता तरी समजन कोणाले. तं मोठे साहेब म्हणे, 'पोट घट्ट होऊन राहिलं, द्या अजून.' मंग थोड्या टायमानं मी गेली. या खेपी हात जयला नाही. पण झोप लागली, गाढ."

रागिणीबाईंनी ते वाक्य दोनदा लिहून घेतलं. मग त्यांनी माणिकबाईंच्या रोजच्या गोळ्या मागितल्या. वामनरावाने आतून रक्तदाबाची पट्टी आणली. नाव वाचून त्यांनी मान हलवली. ही गोळी नाडी धावू देत नाही. बाई आतून कितीही घाबरली तरी मशीनचा भोंगा वाजला नसता.

"ऑपरेशननंतर घसा दुखत होता?"

"चार दिवस पाणी गिळता येत नोतं."

"वामनराव, इकडे लक्ष द्या. यांच्या श्वासनलिकेत नळी घातलेली होती. श्वास त्या नळीतून चालला होता, मशीन तो देत होतं. घोरणं घशात तयार होतं, आणि नळी असलेल्या माणसाच्या घशातून हवा जातच नाही. तुमची बायको त्या दिवशी घोरूच शकत नव्हती."

वामनराव बाजेच्या कडेवर बसला.

"मंग ते कोण घोरत होतं?" त्याने विचारलं.

३

परतीच्या बसमध्ये रागिणीबाईंनी खिडकीला डोकं टेकलं आणि तीस वर्षं फळ्यावर काढलेलं चित्र मनात पुन्हा काढलं.

मेंदूतल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात बारीक दरवाजे असतात. मिठाच्या पाण्यातले भारित कण त्यांतून ये-जा करतात आणि त्या ये-जेवर आपलं जागेपण चालतं. त्यांतला एक दरवाजा पाच तुकड्यांचा आहे. गाबा नावाचं रसायन तो क्षणभर उघडतं, क्लोराइडचे कण आत येतात, पेशी गप्प होते. दुधासारखं दिसणारं प्रोपोफॉल त्या तुकड्यांच्या सांध्यात जाऊन बसतं आणि दरवाजा लवकर मिटू देत नाही. अशा कोट्यवधी पेशी गप्प झाल्या की माणूस जातो. पण प्रोपोफॉल एका जागी टिकत नाही. दहा मिनिटांत ते मेंदूतून निघून बाकीच्या अंगात पसरतं. म्हणून त्याच्या पाठोपाठ मशीनमधून वाफेचं औषध सुरू करावं लागतं. तेही त्याच दरवाज्यावर बसतं, शिवाय पोटॅशियमचे काही दरवाजे उघडे धरून पेशीला आणखी शांत करतं.

स्नायू ढिले करणारं औषध मात्र मेंदूत शिरतच नाही. त्याचा दरवाजा नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथे. तोही पाच तुकड्यांचाच, त्याच घराण्यातला. हे औषध तो उघडू देत नाही, एवढंच. हात हलत नाही, पापणी हलत नाही, छाती हलत नाही. आत जो कोणी जागा असेल तो जागाच राहतो.

तर माणिकबाई झोपली, म्हणजे इंजेक्शन खरं होतं. दहा-बारा मिनिटांनी जागी झाली, म्हणजे वाफ पोहोचली नाही. इथवर मोहोडांचं बरोबर होतं. पण शेवटी काय झालं? 'द्या अजून' म्हटल्यावर तिला फक्त स्नायूंचं औषध मिळालं, हात जळला नाही त्या अर्थी. आणि त्या औषधाने कोणी झोपत नाही.

पण ती झोपली.

म्हणजे त्याच वेळी वाफ सुरू झाली. रिकामी टाकी आपण होऊन भरत नाही. कोणीतरी हात लांब करून टाकीवरची, वाफ सुरू करायची चकती फिरवली होती. ज्याने फिरवली, त्याला ती आधी बंद होती हे त्या क्षणी कळलं होतं.

आणि तो आठ दिवस गप्प होता.

दुसऱ्या दिवशी त्या ऑटो करून नांदगाव पेठेला गेल्या. श्याम तिथे भावाकडे येऊन राहिला होता. भाऊ कापडाच्या कारखान्यात होता. श्याम पंचेचाळिशीचा, अठरा वर्षं ऑपरेशन थिएटरात काढलेला माणूस. दारातच उभा राहून त्याने विचारलं, "साहेबांनी पाठवलं का तुमाले?"

"साहेबांनी बोलावलं. पाठवलं पेशंटने."

त्यावर तो बाजूला झाला. भावजयीने पाणी आणलं.

"माह्याकडं बोलायले काही नाही मॅडम. टाकी मी सकाळी भरली. रेघेपर्यंत. आमच्याकडं पद्धत हाये, सकाळ-संध्याकाळ ऑक्सिजनचा काटा अन् टाकीची काच, दोन्हीचे फोटो काढून ग्रुपवर टाकाचे. हे पाहा सकाळचं. हे संध्याकाळचं. दोन्हीत भरलेली. साहेब म्हणते, मागून भरून फोटो काढला असन. अठरा वर्सं, अन् हे."

रागिणीबाईंनी चष्मा पुसला आणि फोटो मोठा करून पाहिला. टाकीशेजारी औषधाची बाटली उभी होती. सकाळी ती जिथवर होती, संध्याकाळीही तिथवरच. मागून भरली असती तर बाटली उतरली असती. आणि टाकीची पातळी सकाळपेक्षा जेमतेम रेघभर खाली होती.

"त्या दिवशी पूर्ण भुलीचं ऑपरेशन एकच?"

"एकच. बाकीच्याले कमरेत इंजेक्शन होतं."

"मशीन जुनं. मिनिटाला पाच-सहा लिटर वायू?"

"सहा."

त्यांनी वहीच्या कोपऱ्यात गुणाकार केला. ऑपरेशन ऐंशी मिनिटं चाललं होतं. तेवढ्या वेळात निदान पंचवीस मिलीलीटर औषध उडून जायला हवं होतं. काचेवर बोटभर फरक दिसला असता. रेघभर म्हणजे वीस मिनिटांचं.

"तुम्ही त्या वेळी आत होता?"

"सुरुवातीले होतो. मंग रक्त आणाले गेलो. पेढीची पावती हाये, तीन वाजून वीस मिनिटं. आलो तवा टाके घालत होते. मी नोतो तवा मशीनपाशी धर्माळे सर एकटेच होते."

रागिणीबाईंनी वही मिटली.

"श्यामभाऊ, तुम्ही सगळ्यांना सांगत होता की टाकी भरलेली होती. खरं आहे. पण ती भरलेली का राहिली, हे कोणी विचारलंच नाही."

४

अकोल्याच्या त्या वीस खाटांच्या रुग्णालयात दुपारी ऑपरेशन नव्हतं. सिस्टर ज्योत्स्ना एकट्याच कपाट लावत होत्या. रागिणीबाईंनी भुलीचा तक्ता मागितला. दर पाच मिनिटांना एक ठिपका, एकाच पेनाने, एकाच दाबाने. रक्तदाब एकशेचोवीस, एकशेसव्वीस, एकशेचोवीस. नाडी गोळीने धरून ठेवली असेल, पण पोटावर सुरी चालताना रक्तदाब जरासुद्धा हलला नाही असा रुग्ण त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"सिस्टर, तुम्ही कुठे उभ्या होता?"

"इथं. साहेबांच्या समोर."

"उभ्या राहा बघू."

ज्योत्स्ना टेबलाच्या मधोमध उभ्या राहिल्या. रागिणीबाईंनी टेबलाच्या डोक्याकडे, दोन खांबांना हिरवं कापड टांगलं, ऑपरेशनच्या वेळी टांगतात तसं. मग त्या पलीकडच्या स्टुलावर बसल्या, मशीनला खांदा टेकवून. कापडापलीकडून आता फक्त छताचा दिवा दिसत होता. टेबलाची उशी उजव्या हाताला वीतभर अंतरावर होती. तीस वर्षं त्या याच जागी बसल्या होत्या. सगळ्यांच्या मधोमध आणि कोणालाच न दिसता.

"मी दिसते का?"

"नाही."

"ऐकू येते?"

पलीकडे चिमट्यांचं तबक खणखणलं.

"गाणी चालू होती, म्हणून डॉ. मोहोडांना ऐकू आलं नसेल. त्यांचं लक्ष पोटात होतं. तुम्हाला ऐकू आलं, सिस्टर. तुम्ही त्यांच्यापेक्षा डोक्याच्या जवळ होता."

तबकाचा आवाज येत राहिला. कोणीतरी ते उगीच सारखं करत होतं.

"मले वाटलं दोन मिनिटं असन," ज्योत्स्ना म्हणाल्या. "माणूस थकते ना मॅडम. मशीन श्वास देऊन राहिलं होतं, आकडे बरोबर होते. साहेब म्हणाले पोट घट्ट झालं, तवा मी कापडाजवळ जाऊन तीनदा 'सर' म्हटलं. उठले. मशीनकडं पाह्यलं अन् त्यायचा चेहरा असा झाला का मी नजर काढून घेतली. पेशंट जागी आहे हे मले नोतं समजलं. आईची शपथ."

"आणि श्यामला घरी पाठवलं तेव्हा?"

"तवा समजलं होतं." त्यांनी तबक खाली ठेवलं. "धर्माळे सर वाईट माणूस नाही. एकटे तीन दवाखाने करते. दुसरा कोणी नाही इथं. मी बोलली असती तं..."

"आता कुठे भेटेल तो?"

ज्योत्स्नांनी खिडकीकडे हात केला.

"खालीच. लिंबाखाली गाडी उभी हाये ना. दुपारी तिथंच असते."

५

गाडीच्या मागच्या काचेला इस्त्रीचे दोन शर्ट टांगले होते. कप ठेवायच्या खाचेत दातांचा ब्रश होता. शेखरने त्यांना पाहिलं, खुर्ची सरळ केली आणि शेजारचं दार उघडलं.

"बसा मॅडम. मला वाटलंच होतं तुम्ही याल."

"झोपला होतास?"

"नाही. आता येत नाही."

चाळिशीतला माणूस, पण डोळ्यांखाली म्हाताऱ्यासारखी वळी पडली होती. रागिणीबाई बसल्या. त्यांनी घोरणं सांगितलं, नळी सांगितली, टाकीची काच, पावतीची वेळ, न उचललेला फोन आणि न जळलेला हात. एकेक सांगताना त्यांचा आवाज तासाला असायचा तसाच होता. शेखर समोरच्या काचेतून बाहेर पाहत होता.

"नळी बांधली की उजवा हात चकतीवर जातो, तुम्हीच लावलेली सवय," तो म्हणाला. "त्या दिवशी नळी बांधली आणि दुसऱ्या दवाखान्याचा फोन आला. तो घेतला. ठेवला, तेव्हा हाताला वाटलं चकती झाली. मी एकतीस तास जागा होतो. स्टुलावर बसलो. दुसऱ्यांदा फोन वाजला तो मला ऐकूच आला नाही."

"इतकं थकलास तर घरी का जात नाहीस?"

"घरी झोप लागत नाही." त्याने काच खाली केली. "मुलाच्या शाळेसाठी ती दोघं पुण्याला गेली, दोन वर्षं झाली. फ्लॅट इतका शांत असतो की मी पडून फ्रीजचा आवाज ऐकतो. इथे गाडीत बरं वाटतं, लोक येतात-जातात. आणि टेबलाशी... टेबलाशी मॉनिटर चालू असतो, कोणीतरी गप्पा मारत असतं. त्या दिवशी मोहोड मुलीच्या होस्टेलबद्दल बोलत होते. मी ते ऐकता ऐकता गेलो. कितीतरी महिन्यांत इतकी चांगली झोप लागली नव्हती."

रागिणीबाईंना हे समजत होतं, हवं त्याहून जास्त. त्यांची दुपारची झोप खालच्या क्लासातल्या आवाजावर लागायची. रविवारी त्या जाग्या असत. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं आणि आताही सांगितलं नाही.

"झोप लागली, ते शरीराने केलं," त्या म्हणाल्या. "एकतीस तासांनी कोणाचंही करील. पण उठलास, चकती शून्यावर पाहिलीस, ती फिरवलीस आणि मग बसून ऐंशी मिनिटांचे ठिपके काढलेस. ते जागेपणी केलंस. श्यामला पाठवलं त्या दिवशीही तू जागाच होतास."

शेखरने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

"तुम्ही आता मोहोडांना सांगाल."

"नाही. तू सांगशील. मेडिकल कौन्सिललाही तूच लिहिशील. माझ्या वहीतली पानं तुला देते, आकडे बरोबर आहेत. पण त्याआधी तेल्हाऱ्याला जायचं. ती बाई अकरा दिवस एकाच प्रश्नावर जागी आहे, आणि उत्तर फक्त तुझ्याकडे आहे."

"लायसन्स जाईल."

"जाऊ शकतं."

"आणि मी नाही आलो तर?"

"तर ती ऑपरेशन करणार नाही."

शेखरने किल्ली फिरवली.

६

माणिकबाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेखर उभ्यानेच बोलला. आधी अडखळत, मग सरळ. चकती, फोन, झोप, ठिपके, श्याम. पन्नास मिनिटं हा आकडा त्याने स्वतः सांगितला. वामनराव मधेच उठला, त्याच्या हाताची मूठ वळली होती.

"बसा तुमी," माणिकबाई म्हणाल्या. मग शेखरकडे वळल्या. "घरी कोणी नाही काय जी तुमच्या?"

"पुण्याला आहेत."

"मंग तिकडं जाऊन झोपा ना. लोकाच्या उशाशी काहून झोपता?"

माणिकबाईंनी एक कोमेजलेलं फूल निवडून बाजूला टाकलं.

"माफी बिफी मी देत नाही," त्या म्हणाल्या. "अजून नाही. पण तुमी आपल्या पायानं आले अन् खरं सांगितलं. आता मले येडी कोणी म्हणणार नाही, हे म्हातारंही नाही."

वामनरावाने आत जाऊन शेखरसाठी पाणी आणलं, आणि हातात न देता बाजेवर ठेवलं.

"अन् तुमी," माणिकबाई रागिणीबाईंना म्हणाल्या, "काहून झालं ते समजलं. पण समजा पुन्हा झालं, तं? मी आतमंदी असन अन् कोणाले दिसणार नाही. त्याचं काय करता ते सांगा पयले."

रागिणीबाई बाजेवर त्यांच्याशेजारी बसल्या.

"एक जुनी रीत आहे. फारसं कोणी करत नाही, वेळ खाते. स्नायूंचं औषध द्यायच्या आधी तुमच्या उजव्या कोपराखाली पट्टा आवळायचा, रक्तदाब मोजतात तसा. औषध सगळ्या अंगात जाईल, त्या हातात जाणार नाही. वीस मिनिटांनी, औषध अंगात मुरलं की पट्टा सोडायचा. पुन्हा डोस दिला की पुन्हा आवळायचा. सगळं अंग लुळं असेल, पण तो एक हात तुमचा राहील. जाग आली तर दाबायचं."

"काय दाबाचं?"

"माझं बोट. भूल दुसऱ्या डॉक्टर देतील, वर्षाली म्हणून आहेत, मी स्वतः निवडल्या आहेत. मी फक्त हात धरून बसेन."

"सारा वेळ?"

"सारा वेळ."

माणिकबाईंनी आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला. फुलं खुडून बोटांची टोकं हिरवट झाली होती.

"परवा नको," त्या म्हणाल्या. "परवा तोडा हाये शेवंतीचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी."

ऑपरेशनच्या दिवशी टाकी श्यामने भरली आणि फोटो काढला. शेखरकडून सगळं कळल्यावर डॉ. मोहोडांनी श्यामशी काय बोलून त्याला परत आणलं ते दोघांनाच ठाऊक. श्याम पूर्वीपेक्षा कमी बोलत होता. गाणी लावली नाहीत. वर्षालीने नळी बांधली आणि चकती फिरवताना आकडा मोठ्याने म्हटला. रागिणीबाई कापडाच्या अलीकडे स्टुलावर बसल्या, दोन बोटं माणिकबाईंच्या मुठीत देऊन.

दर पाच मिनिटांनी त्या वाकून कानाशी म्हणत, "माणिकबाई, मी रागिणी. ऐकू येत असेल तर बोट दाबा." आणि वाट पाहत. मूठ सैल होती, कोमट होती, हलत नव्हती. कापडापलीकडे गाठ निघाली, पाटीत पडल्याचा आवाज आला, मोहोड म्हणाले की कडा चांगल्या आहेत. दोन तास चाळीस मिनिटांत त्यांनी तो प्रश्न बत्तीस वेळा विचारला. बत्तीस वेळा उत्तर आलं नाही, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या छातीतलं काहीतरी हलकं झालं.

टाके झाले. वर्षालीने वाफ बंद केली. रागिणीबाईंनी आणखी एकदा विचारलं.

बोट दाबलं गेलं. आधी हलकेच, मग चांगलं घट्ट. नळी निघाली, डोळे किलकिले झाले. माणिकबाई खरखरीत आवाजात म्हणाल्या, "झालं?"

"झालं."

"मी गेलती का?"

"पूर्ण गेला होता."

माणिकबाईंनी डोळे पुन्हा मिटले. गाडा वॉर्डाकडे निघाला. मूठ सुटली नव्हती, म्हणून रागिणीबाई त्याच्या बाजूने चालत गेल्या. वॉर्डात वामनरावाने त्यांच्यासाठी स्टूल ओढून दिलं. त्यांची परतीची बस चारची होती. ती निघून गेली तेव्हा त्या तिथेच बसल्या होत्या, आणि बोट अजून त्यांचं त्यांना परत मिळालं नव्हतं.